कान दिसू द्या

अशोक चौकात माझा स्टुडिओ, आठ बाय दहाचा.
निळा पडदा, पांढरा पडदा, सगळ्यांना मिळून एक कंगवा.
तीस वर्षं एकच वाक्य बोलतोय :
मान सरळ, हसू नका, कान दिसू द्या.

रविवारी शटर पाडून मार्डीकडच्या माळावर जातो.
उत्तरा सरत आलेली, हस्ताचं काही खरं नाही,
कुसळं मोज्यात शिरतात.
तिथं वारुळाच्या कडेला
माझी दुसरी गिऱ्हाइकं उभी असतात,
टोकन न घेता.

पहिल्या साली फोटो वरूनच काढले.
पांढऱ्या टोप्या, मागं धूसर गवत, उजेड झकास.
शेरडं चारणाऱ्या म्हाकूबाईला दाखवले.
तिनं कॅमेरा उलटा करून पाहिला,
टोपीखालचं तिकडून दिसेल म्हणून.
मग म्हणाली, "ह्ये तर समदं डोस्कंच हाय.
पटका बगून सोयरीक करतोस व्हय रं?"

तेव्हापासून मी पोटावर झोपतो.
सलूनमधून आणलेला आरशाचा तुकडा टोपीखाली धरायचा,
पाती देठाला चिकटलीत की सुटी, ते टिपायचं.
गळ्यात कडी आहे का, असली तर सरकते का.
उपटायचं नाही, खुरप्यानं उकरत जायचं
आत, अजून आत,
जिथं वाळवीनं आपली शेती केलीय
आणि देठ सुतासारखा बारीक होत
अंधारात उतरतो.
मापाला शेजारी रुपयाचं नाणं.
(नाणं म्हाकूबाई उचलते. हे चौथं.)

ती त्यांना सात्या म्हणते.
आमच्या घरात श्यामला, विड्या वळता वळता,
म्हणते पुट्टगोडुगु, वारुळाची छत्री.
अक्कलकोटचा शाईवाला अणबे म्हणतो.
सिव्हिलच्या केसपेपरवर एकच नाव पडतं :
विषबाधा.

ते नाव मी वाचलंय.
श्रीहरीनं, माझ्या मेहुण्यानं, बंद मिलच्या आवारातून
पिशवी भरून आणली होती.
तशीच पांढरी, तशीच गुबगुबीत.
फोटो पाठवून विचारलं, हीच ना?
मी दुकानात होतो, समोर गिऱ्हाईक,
म्हटलं, असेल.
रात्रभर सलाईन. वाचला तो.
ते "असेल" अजून माझ्या जिभेवरून उतरलेलं नाही.

म्हणून आता रात्री टोपी कापून
कागदावर पालथी घालतो, वर काचेचा पेला.
कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा.
ब्रोमाइड ज्यात गुंडाळून यायचा, तोच काळा.
डार्करूम मोडली तेव्हा एवढा गठ्ठा टाकवला नाही,
का, ते कळलं नव्हतं.

सकाळी पेला उचलला.
फ्लॅश नाही, हायपोचा वास नाही,
आणि रेघारेघांचं एक चक्र आपसूक उमटलेलं.
मार्डीच्या टोपीचं फिकट गुलाबी, काळ्यावर स्वच्छ.
मिलच्या आवारातून मुद्दाम आणलेल्या टोपीचं
पांढऱ्यावर हिरवट,
रांजणाच्या बुडासारखं.
वरून पाहिलं तर दोघी सख्ख्या बहिणी.

दोन्ही कागद म्हाकूबाईकडे नेले.
तिनं हुंगले, परत दिले.
"येवढ्यापायी रातभर जागलास?"
मग माझी पाटी मांडीवर घेतली.
एकोणीस सात्या.
एकेक बोटानं फिरवत, मानेपाशी दाबत, नाकाशी नेत
सोळा पदरात टाकल्या.
तीन बाभळीखाली भिरकावल्या.
का, विचारलं.
तेवढ्यात एक शेळी ज्वारीत घुसली, ती मागं पळाली.

त्या तिन्हीचे फोटो काढले.
वरून, खालून, देठाचे, नाण्यासकट.
पाकिटावर नावाची जागा कोरीच आहे.
खाली पेन्सिलीनं एवढंच :
मार्डीचा माळ, हस्ताचा चौथा दिवस,
म्हाकूबाई नको म्हणाली.